पंढरीच्या मापाचं चिलखत

कामतघर, भिवंडी
६ जानेवारी १९७४

प्रिय रघू,

तुला आणि जानकीवहिनींना अनंताचा रामराम. दिवाळीनंतर तुझं पत्र नाही, तेव्हा पिंपरीच्या कारखान्याने तुला गिळलं असं समजून मीच लिहायला बसलो. इथं सगळं तेच. आमच्या शेडमधले लूम खडखडतात, मी पाना घेऊन त्यांच्या पोटात डोकं घालतो आणि घरी गेलो तरी कानात खडखड चालूच राहते.

मुख्य बातमी अशी की यंदा राज्याभिषेकाला तीनशे वर्षं होतायत, म्हणून जो तो काहीतरी करतोय. कल्याणला दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी मे महिन्यात तालमींची लढाई ठरली आहे. आपल्या वळ गावच्या जत्रेत होते तशीच, सोंगाची नव्हे. बोथट तलवार, ढाल, अंगात चिलखत. डोक्यावर आणि गुडघ्याखाली मारायचं नाही, बाकी घाव खरा. वळकडून एकच गडी जाणार म्हणून वस्ताद दाजींनी परवा सगळ्यांना तालमीत बसवलं. तुझं नाव मीच काढलं. दाजी म्हणाले, "रघू आता पिंपरीचा सायेब झाला. त्याला रजा मिळंल, दम न्हाय मिळायचा." सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला सांगू? मग पंढरीचं नाव पक्कं झालं.

पंढरी म्हणजे पुतळाबाईंचा, खाडीकडच्या घरातला. तू गाव सोडलंस तेव्हा तो तालमीत माती उकरायचा. आता निजामपुऱ्यात लूम चालवतो. उंच झालाय, हात लांब आहे आणि रागावत नाही.

चिलखत अर्थात मी करायचं. तुझं जुनं त्याला होत नाही. तो तुझ्याहून वीतभर उंच आणि छातीला अरुंद. तुझं उसवून त्याच लोखंडी पत्त्या पुन्हा त्याच्या मापाने ओवाव्यात असं दाजींचं म्हणणं आहे, म्हणजे लोखंड वाचेल. मी म्हणालो, रघूला विचारल्याशिवाय हात लावणार नाही.

आणखी एक. मी चिलखत बनवलं खरं, पण ते घालून मी कधी घाव खाल्लेला नाही. तू खाल्लास. कुठं रुतलं, कुठं काचलं, हात वर केला की काय झालं, ते सविस्तर लिही. पंढरीला उपयोग होईल.

तुझा,
अनंता

----

पिंपरी
१५ जानेवारी १९७४

अनंता,

काल संक्रांत झाली, तेव्हा गोड बोलायला हवं. तिळगूळ घे. झालं गोड बोलून.

दाजी काय बोलले ते तू कळवलंस, ठीक. तू हसलास हे कळवायची काय गरज होती? जानकी म्हणते, अनंताभाऊजी सरळ आहेत, पोटात काही ठेवत नाहीत. मी म्हणालो, सुईसुद्धा सरळच असते. ती म्हणाली, जेवून घ्या.

माझ्या चिलखताला हात लावायचा नाही. ते तालमीच्या खुंटीला टांगलंय म्हणून तालमीचं होत नाही. तुला आठवत नसेल तर मी आठवण करून देतो. तीन वर्षांपूर्वी अख्खा हिवाळा तू माझ्या अंगावर खपलास. लूमचा धागा घेऊन छातीभोवती फिरवायचास, श्वास भरून एकदा, सोडून एकदा. मला उकिडवं बसवायचास, वाकवायचास, हात वर करून उभं ठेवायचास आणि पाठीवर खडूने रेघा मारायचास. खडूने गुदगुल्या होतात म्हणून मी हसलो की माझ्या मानगुटीत एक ठेवून द्यायचास. माझ्या आईने माझ्याकडे इतकं निरखून कधी पाहिलं नाही. आता तोच धागा तू पंढरीच्या छातीभोवती फिरवणार. "उंच झालाय, हात लांब आहे आणि रागावत नाही." वा! मुलगी बघायला गेला होतास का?

मला राग आलाय, आणि तो मी लपवत नाही. इथं मी दिवसभर एका यंत्राशी उभा असतो आणि मला कुणीही ओळखत नाही. वळच्या जत्रेत मी उतरलो की बायका पोरांना खांद्यावर घ्यायच्या. ते आता पंढरीसाठी घेतील. घेऊ देत. पण माझ्या पत्त्यांवर नाही.

तू विचारलंस म्हणून सांगतो, कुठंही काचलं नाही. चिलखत अंगच्या कातडीसारखं बसलं होतं. म्हणून तर जिंकलो मी आणि वस्तादांनी शेला टाकला तुझ्या खांद्यावर. तेही आठवत नसेल.

रघू

----

कामतघर
१० फेब्रुवारी १९७४

प्रिय रघू,

शेला आठवतो. सुती होता, पहिल्याच धुण्यात रंग गेला. मला त्या दिवसातलं दुसरं जास्त आठवतं. तुझी बैलगाडीतून मिरवणूक निघाली, गळ्यात हार मावेनात, आणि मी गाडीच्या मागून तुझी ढाल घेऊन चालत होतो. कुणीतरी मला म्हणालं, "ए गडी, बाजूला हो, रघू दिसत न्हाय." तुला हे माहीत नसणार. तू पुढं बघत होतास.

असो. तुझ्या चिलखताची एकही पत्ती घेतलेली नाही. निजामपुऱ्यातल्या केसरीनाथशेठच्या गोदामात सुताच्या गाठी येतात, त्यांना बांधलेल्या लोखंडी पट्ट्या तो भंगारात टाकतो. त्या मागून आणल्या. बोटाएवढ्या लांबीच्या पत्त्या कापतो, कानशीने कोपरे गोल करतो, पंच मारून भोकं पाडतो. एक पत्ती दुसरीवर थोडी चढवून ओळ ओवायची आणि मग ओळीला ओळ लटकवायची. रात्रपाळीचे भय्ये पाणी प्यायला येतात आणि माझ्याकडे बघत उभे राहतात. एकजण म्हणाला, "अनंताभाई, ये पहन के ससुराल जाओगे क्या?" मी म्हटलं, तिथं तर खरी गरज लागते.

दोरी आपली नेहमीचीच, सायझिंगच्या कारखान्यातून तिथल्या लडकूने खळ देऊन काढलेली. लूमवर ताण्याचं, उभं सूत तुटू नये म्हणून जी खळ लावतात तीच. त्यामुळे दोरी अशी ताठ होते की सुईशिवाय भोकातून जाते आणि तिचे तंतू सुटत नाहीत. साध्या दोरीशी मी दोन ओळी झगडलो आणि सोडून दिलं. लूमवाल्याला खळीशिवाय दोरा हातात धरवत नाही हेच खरं.

पंढरीचं माप घेणं मात्र अवघड. "काचतंय का रं?" "न्हाय." "हितं?" "न्हाय." "अरे, तुझी बगल लाल झालीय." "ती तशीच हाय." अशा माणसाला चिलखत करायचं म्हणजे मुक्या जनावराला चप्पल करायची. शेवटी मी त्याला कमरेचा पट्टा बांधून भाताचं पोतं उचलायला लावलं, तेव्हा कुठं कळलं की भार खांद्यावर पडतोय. तो कमरेवर घ्यायला दोन ओळी उसवल्या.

आता एक विचारायचंय. नमुन्याला म्हणून तुझं चिलखत वळहून आणलं आणि उजेडात बघितलं. रघू, त्या गाठी माझ्या नाहीत. मी गाठ मारून टोक आत वळवतो, तिथं टोकं बाहेर आहेत. दोरीही मऊ पडली आहे. सगळ्या ओळींना कुणीतरी हात लावलाय. कुणी आणि कशासाठी? मी रागावणार नाही. पण माझ्या कामावर दुसऱ्याचा हात फिरलेला मला बघवत नाही, हे तुला कळेल.

तुझा,
अनंता

----

पिंपरी
१९ फेब्रुवारी १९७४

अनंता,

उंदीर. जत्रेच्या आधी चिलखत आमच्या घरी होतं तेव्हा उंदरांनी दोऱ्या कुरतडल्या. खळीच्या वासाला येतात ते, तुला माहीत आहे. जानकीने आणि मी मिळेल तशा बांधून घेतल्या. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. एवढीच गोष्ट.

दोरी खळीचीच चांगली. बदलू नकोस.

पंढरीला बगल लाल झालेली कळत नाही आणि तू त्याच्यासाठी ओळी उसवतोस. माझी बगल लाल झाली होती तेव्हा तू म्हणाला होतास, "सहन कर, सवय होईल." हेही तुला माहीत नसणार. तू खाली बघत होतास.

जानकी ठीक आहे. हे पत्र तिला वाचून दाखवलं नाही.

रघू

----

कामतघर
२४ मार्च १९७४

प्रिय रघू,

झालं! पाडव्याच्या मुहूर्तावर शेवटची गाठ मारली आणि चिलखत घेऊन वळला गेलो. सगळी तालीम जमली होती. राहीबाईंनी, म्हणजे दाजींच्या मंडळींनी, चिलखताला हळदकुंकू लावलं. पंढरी म्हणाला, "मलाबी लावा, आत मीच हाय." पहिल्यांदाच त्याने विनोद केला, त्यामुळे हसायचं की नाही हे कुणाला कळेना.

आधी रुई भरलेला अंगरखा, त्यावर चिलखत, मग कमरेचा पट्टा. मी त्याला पळवलं, वाकवलं, मांडी घालून बसवलं, पाण्याचा तांब्या जमिनीवरून उचलायला लावला. एक ओळ जागची हलली नाही. दाजींनी स्वतः काठीने छातीवर, बरगडीवर, खांद्यावर मारून बघितलं. पत्त्या नुसत्या वाजल्या. दाजी म्हणाले, "अनंता, रघूचं चांगलं व्हतं. पन ह्ये चिलखत न्हाय, ह्ये आंग हाय." रघू, मला रडू आलं. माझ्या हातून आजवर याहून चांगलं काम झालेलं नाही, हे मला माहीत आहे आणि आता इतरांनाही माहीत झालंय.

हे तुला लिहावं की नाही याचा विचार केला. पण तुला नाही लिहायचं तर कुणाला? तू पहिल्या चिलखताचा मालक.

लढाई रविवारी, पाच मे रोजी. कल्याणच्या तालमीचा विठू समोर आहे, तो म्हणे मनगटाचा भारी आहे. तू ये. दाजींनी तुझ्यासाठी पाहुण्यांच्या रांगेत खुर्ची सांगून ठेवली आहे, पहिल्याच ओळीत. जानकीवहिनींनाही आण. पंढरी म्हणाला, "रघूदादा आला तर मला धीर येईल." तो तुझी लढाई बघूनच तालमीत आला, हे त्याने मला परवा सांगितलं.

तुझा,
अनंता

----

पिंपरी
१९ एप्रिल १९७४

अनंता,

तुझं पत्र येऊन महिना होत आला. उत्तर देत नव्हतो. पाहुण्यांच्या रांगेत खुर्ची! आजवर तिथं तहसीलदार आणि केसरीनाथशेठ बसलेले पाहिलेत. मी रिंगणात असायचो.

गेले कित्येक दिवस जानकी माझ्याशी धड बोलत नाही. मी तुला खोटं लिहिलं हे तिला कळलंय. खरं ते आता सांगतो. उंदीर नव्हते.

तीन वर्षांपूर्वी जत्रेच्या आधी मी आमच्या अंगणात भर उन्हात सराव केला. अंगरखा घामाने निथळला, घाम दोऱ्यांत उतरला आणि खळ सुटली. दोरी जेवढी खळीने फुगली होती तेवढी बारीक झाली, गाठी घसरल्या आणि ओळी खाली उतरल्या. गळ्याशी माझी मूठ आत जाईल एवढी फट पडली. कोरडं असताना तुझं काम देवासारखं दिसतं. घामात ते पेज होतं. तू ते थंडीत बघितलंस आणि थंडीतच बघत आलास.

जानकीने ते सगळं चिलखत आंघोळीच्या हंड्यात टाकून उकळलं. वर खळीची साय आली ती काढून टाकली. मग ओलं असतानाच मी ते अंगात घातलं, छाती भरून श्वास घेतला आणि तिने माझ्या पाठीला पाय लावून एकेक गाठ ओढून बांधली. वाळेपर्यंत मी ते अंगावरच ठेवलं. नंतर पत्त्यांना खोबरेल लावलं. तिच्या बोटांना फोड आले होते. जत्रेत सगळ्या गावाने ज्या बसण्याला वाखाणलं, ते बसणं तिच्या बोटांचं आणि माझ्या अंगाचं होतं, अनंता. धागा फिरवलास तू. बसवलं आम्ही. आणि शेला पडला तुझ्या खांद्यावर.

तेव्हा तुला वाईट वाटू नये म्हणून गप्प राहिलो. शेला पडल्यावर राग आला म्हणून गप्प राहिलो. आणि फेब्रुवारीत तू सरळ विचारलंस, तेव्हा का गप्प राहिलो ते मी लिहिणार नाही, तुला कळेल. दाजी म्हणाले ना, हे अंग आहे? मग घामात बघा म्हणावं अंग कसं उसवतं ते.

ते उकळ. पंढरीच्या अंगावर ओलं असताना पुन्हा ओढून बांध. अजून दोन आठवडे आहेत.

मी येणार नाही. खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या.

रघू

----

कामतघर
२६ एप्रिल १९७४

रघू,

तुझं पत्र दोनदा वाचलं, नंतर घडी करून ठेवून दिलं.

जानेवारीत लिहिलंस, कुठंही काचलं नाही. फेब्रुवारीत उंदीर आले. "दोरी खळीचीच चांगली, बदलू नकोस" हेही तुझंच. आता लढाई तोंडावर आली आणि तू म्हणतोस, अख्खं चिलखत हंड्यात घालून शिजव. शिजवून ते बिघडलं तर पुन्हा ओवायला मला वेळ नाही. मग पंढरी काय घालून उतरेल? तुझं त्याला होत नाही. म्हणजे कुणीच उतरू नये. हेच ना?

तुझा राग मी समजून घेत होतो. गाव सुटलं, जागा गेली, माणसाला लागतं. पण माझ्या हातचं जे एकच काम लोक नावाजतात, तेही तुझंच होतं म्हणतोस? मिरवणूक तुझी, हार तुझे, आणि आता गाठीही तुझ्या. मला काय ठेवलंस?

जानकीवहिनींचं नाव मध्ये आणायला नको होतंस.

चिलखत आहे तसंच जाईल.

अनंता

----

कामतघर
१३ मे १९७४

रघू,

रेल्वेच्या संपामुळे टपाल कुठं अडकून पडेल सांगता येत नाही, म्हणून हे पत्र कापडाच्या गाठी घेऊन पुण्याला निघालेल्या ट्रकवाल्याकडे देतोय. तो पिंपरीवरून जातो. उत्तर द्यायचं असेल तर त्याच्याचजवळ दे.

तुला कुणी कळवलं असेल नसेल. पंढरी पडला.

दुर्गाडीपाशी माणूस मावत नव्हता. ऊन असं की ढाल हातात धरवेना. आमची पाळी शेवटची, तोवर पंढरी चिलखत घालून उभाच होता. मीच काढू दिलं नाही. म्हटलं, लोकांना बघू दे. लोक येऊन पत्त्यांना हात लावायचे, विचारायचे कुणी केलं, आणि पंढरी माझ्याकडे बोट दाखवायचा. तासभर मी तिथं नवरदेवाच्या बापासारखा उभा होतो. त्याच्या अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि मला फक्त लोकांची तोंडं दिसत होती.

पहिले दोन घाव पंढरीचे बसले. सुंदर लढला, तुला आवडलं असतं. मग त्याने तलवार वर घेतली, आणि मी लांबूनही बघितलं की खांद्याची ओळ हाताबरोबर वर गेली नाही. ती खालीच राहिली. गळ्यापाशी अंगरख्याचा पांढरा कपडा दिसला. मी ओरडलो, पण ताशांपुढे माझा आवाज काय? विठूचा वार खांद्यावर यायचा तो नेमका त्या फटीत आला. त्या पोराची काही चूक नाही. पत्त्यांवर मारतोय असं समजूनच त्याने मारला. पंढरीच्या मानेखालचं आडवं हाड मोडलं आणि खांदाही निखळला.

मी धावत जाऊन चिलखत सोडायला लागलो, तर बोटं दोऱ्यांवरून सरकत होती. सगळा हात बुळबुळीत झाला. खळ होती, रघू. माझ्या हाताला खळ लागली होती, आणि तुझं पत्र घरी फळीवर घडी करून ठेवलेलं होतं.

डॉक्टर म्हणतात, हाड सांधेल, पण हात खांद्याच्या वर जाईल की नाही ते आत्ता सांगता येत नाही. तलवार राहू दे, लूमवर ताणा तुटला की वाकून, हात लांब करून तो जोडावा लागतो. ते जमलं नाही तर तो खाणार काय? पुतळाबाई रोज मला बसायला पाट देतात. पंढरी म्हणतो, "अनंतादादा, तुझं चिलखत व्हतं म्हनून वाचलो. न्हायतर मेलोच असतो." हे तो सगळ्यांना सांगतो. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, आणि मी तिथं बसून ऐकतो. अजून मी त्याला काही बोलू शकलेलो नाही.

शेडमधून सुटलो की रोज त्याच्याकडे जातो. उजवा हात बांधलेला, म्हणून भात कालवून भरवतो. त्याला डाळ कमी लागते, मासा असला की काटे काढून द्यावे लागतात. अंग पुसतो. नीट झोपला की घरी येतो.

तू खरं लिहिलंस आणि मला ते हेव्याने लिहिलंय असं वाटलं. ते हेव्यानेच लिहिलं होतंस, तरी खरं होतं. हे दोन्ही एकाच पत्रात असू शकतं, ते मला कळलं नाही. मलाही माझ्या हाताचा गर्व होता, आणि तुझ्या हारांचा राग होता तो होताच. तू फेब्रुवारीत बोलला असतास तर? मी एप्रिलमध्ये ऐकलं असतं तर? दोघांनी मिळून मोडलाय त्याचा खांदा. वाटणी कशी करायची ते तू सांग.

अनंता

----

पिंपरी
१६ मे १९७४

अनंता,

ट्रकवाला बाहेर चहा पितोय, तेवढ्यात लिहितो.

पत्र मी जानकीला मोठ्याने वाचून दाखवलं. "पंढरी पडला" इथंच तिने डोळ्यांना पदर लावला. पुढं फटीचं, खळीचं ऐकून ती उठून आत गेली आणि अजून बाहेर आलेली नाही. वाटणी विचारतोस ना? तुझी चूक दोन आठवड्यांची. माझी तीन वर्षांची. तू ऐकलं नाहीस कारण मी ऐकण्यासारखं लिहिलंच नव्हतं. सगळ्या पत्रात एक ओळ पंढरीसाठी होती, बाकीचं पत्र तुला टोचायला होतं. तेव्हा वाटणीत माझ्याकडे जास्त येऊ दे.

संप मिटेपर्यंत थांबत नाही. हे पत्र ट्रकवाला आजच तिकडे नेतोय, पुढच्या फेरीला परतताना मला घेऊन जा म्हणून त्याला सांगितलंय. रजा मागितली आहे, दिली नाही तरी येणार. पुतळाबाईंना आणि पंढरीला जे सांगायचं ते मी सांगेन. तुझ्या चिलखताने तो वाचला हे त्याने जन्मभर सांगत राहावं आणि तू खाली मान घालून ऐकत राहावंस, हे मला नको. हात बरा होईपर्यंत त्याच्या घरी जे लागेल त्यात माझा अर्धा वाटा धर. यात उपकार नाहीत.

आता शेवटचं. हे जानकीलाही सांगितलेलं नाही. आलो की तुझ्या तोंडावर बोलायला होणार नाही, म्हणून आत्ताच लिहून टाकतो.

तुझं पत्र वाचताना हाड मोडल्याचं आलं, तिथं मी थांबलो नाही. खळीचं आलं, तिथं थांबलो नाही. त्याचा हात वर जाईल की नाही ते आलं, तेही वाचून पुढं गेलो. मी थांबलो ते तू त्याला भात कालवून भरवतोस तिथं. त्याला डाळ कमी लागते हे तुला माहीत झालंय, तिथं. ती चार वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली, आणि माझ्या पोटात जे उठलं ते दुःख नव्हतं.

त्याच्या जागी मी असायला हवा होतो, असं माणसं दुसऱ्याच्या दुखण्यात म्हणतात. ती दयेने म्हणतात, अनंता. मी हेव्याने म्हणतोय.

रघू